चांदबीबीच्या महालात

डिसेंबरातला रविवार. फज्रची नमाज झाली आणि आम्ही घरचे सगळे चांदबीबी महालाकडे निघालो. नगरहून पाथर्डी रस्त्यानं भिंगार मागे पडलं की डोंगरमाथ्यावरची ही अष्टकोनी, तिमजली दगडी इमारत दिसू लागते. पायथ्याशी गाडी लावून पायीच चढलो. गवत वाळून पिवळं पडलेलं, वारा बोचरा. अम्मी वाटेत दोनदा टेकल्या. परत फिरू म्हटलं तर ऐकलं नाही.

वर पोचताच मुलीनं विचारलं, "अब्बा, चांदबीबी इथं राहायची?"

"नाही बेटा. हा महाल नाही, मकबरा आहे."

मकबरा सलाबतखान दुसरे यांचा. पहिल्या मुर्तजा निजामशाहचे ते वजीर. शहराजवळच्या फराहबागेचं काम 1583 मध्ये त्यांनीच पूर्ण केलं. चांदबीबीनं 1595-96 च्या वेढ्यात मोगलांना तोंड दिलं ते खाली शहराच्या किल्ल्यातून. तिचं नाव घरोघरी पोचलं, वजिराचं पुसट झालं. लोकांनी इमारतही तिच्याच नावे केली.

भिंतींवर मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपापली नावं कोरलेली. आम्ही तळघरातल्या कबरीसाठी मगफिरतची दुआ मागितली. डबे खायला अम्मींनी सगळ्यांना बाहेर, लांब नेऊन बसवलं. उतरताना मुलीनं इतरांनी टाकलेल्या बाटल्याही पिशवीत भरल्या.

तुम्हीही जा. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या. आणि आपण एका कबरीपाशी चाललो आहोत, हे मुलांना घरीच सांगून ठेवा.