मंगळवारची पहाट आणि वर्गणी



मंगळवारी पहाटे साडेपाचला द्रव्याचा डबा घेऊन मी अभिषेकाला निघते, तेव्हा आमच्या सोप्यात दोघं टीव्हीपुढे बसलेले असतात. सासरे, म्हणजे आमचे आण्णा, वय ७९, आणि धाकटा, वय १३. आवाज अगदी बारीक, कारण यांची झोप मोडायला नको. अमेरिकेत सोमवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे मंगळवार उजाडतो, म्हणून तिकडची ती ‘रॉ’ नावाची कुस्ती नेमकी आपल्या देवदर्शनाच्या वेळेला येते. (थंडीत तासभर उशिरा येते, तेव्हा मी निदान परत येऊन पोहे तरी टाकते.)

पूर्वी हे सगळं केबलवर दिसायचं. १ एप्रिल २०२५ पासून भारतात ते नेटफ्लिक्सवर गेलं. आमच्याकडे ती वर्गणी आधीपासून होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीच घेतलेली. दुपारी निवडण-टिपण करताना एखादा सिनेमा बघायला. महिना १९९ रुपये. गेल्या आषाढात चातुर्मासाचे नियम घेण्याआधी घरखर्चाची वही काढून बसले, तर बँकेतून दरमहा ४९९ कापले जात होते. एप्रिलपासून! विचारल्यावर धाकट्याने मान खाली घातली. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून त्याने मोठी वर्गणी घेतली होती, आणि आण्णांनी होकार दिला होता.

मी चिडले. दुधाच्या दरात दोन रुपये वाढले तर आपण गवळ्याशी हुज्जत घालतो, आणि इथे तीनशे रुपये कुणाला न विचारता जात होते. यात कंपनीला दोष देता येत नाही, कारण २०२१ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने भारतातले दर उलट कमी केले होते. ४९९ ची साधी वर्गणी तेव्हाच १९९ वर आली. आमचा खर्च वाढला तो आमच्याच हाताने.

न्यू जर्सीच्या नणंदेची गोष्ट वेगळी. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “वहिनी, तुम्ही सुखी आहात.” तिकडे २०२५ च्या जानेवारीत जाहिरातींशिवायची वर्गणी साडेपंधरा डॉलरवरून अठरा डॉलरवर गेली. त्याच महिन्यात तिथे रॉ सुरू झालं होतं. या कुस्तीसाठी नेटफ्लिक्सने दहा वर्षांचे पाच अब्ज डॉलरहून जास्त मोजायचं कबूल केलंय, म्हणजे आपले चाळीस हजार कोटींच्या वर. दर वाढायला कारणं आणखीही असतील, पण एवढा पैसा शेवटी येतो तो घराघरातूनच. पुढे ऑगस्टात पॅरामाउंट कंपनीने पिंजऱ्यातल्या मारामारीचे, त्या ‘यूएफसी’चे, सात वर्षांचे हक्क ७.७ अब्ज डॉलरला घेतले आणि २०२६ च्या जानेवारीत वर्गणी एक डॉलरने वाढवली.

एवढे पैसे का देतात, हे मला धाकट्याने समजावलं. सिनेमा एकदा बघितला की माणूस वर्गणी बंद करतो. कुस्ती दर आठवड्याला, बारा महिने, कधी सुट्टी नाही. आणि ती त्याच वेळेला बघावी लागते, दुसऱ्या दिवशी निकाल कळला की मजा गेली. म्हणून माणूस वर्गणी सोडत नाही. यूएफसीच्या मोठ्या लढतीला तिकडे पूर्वी एकेका रात्रीचे ऐंशी डॉलर मोजावे लागायचे, आता वर्गणीतच मिळते. म्हणजे बघणाऱ्याला स्वस्त झालं आणि न बघणाऱ्याच्या वर्गणीत ते येऊन बसलं.

इथे माझं मन अडकलं. आपण पाठशाळेत शिकलो ना, कृत, कारित, अनुमोदना? स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं. मी दुपारी डाळ निवडत साधा सिनेमा बघते, पण माझ्या त्याच पैशातून कुणीतरी कुणाचं नाक फोडतो. मी बघत नाही, वाहवा करत नाही, तरी पैसे देते. हे कशात मोडतं?

मी हे आण्णांना बोलून दाखवलं. आण्णा तरुणपणी गंगावेस तालमीत राहिलेले. दूध, तूप, बदामाची थंडाई यांवर अंग कमावलेलं, अंड्याला कधी शिवले नाहीत. खासबागेत दोन वेळा लढले. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानाच्या मातीचा विषय निघाला की अजून त्यांचा आवाज बदलतो.

ते म्हणाले, “पोरी, गावच्या जत्रंला घरटी वर्गणी काढायचो. तुझी सासू कधी कुस्ती बघाय आली न्हाई, पर वर्गणी तिच्याच डब्यातनं जायची. मग तिला बी पाप लागलं म्हणायचं?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं. जत्रेतला पैसा आपल्यासमोर पैलवानाच्या हातात पडायचा. आणि आपल्या कुस्तीत ठोसा मारायचा नसतो, पाठ लावायची असते. पाठ लागली की संपलं, दोघं उठून गळ्यात पडतात. भरत-बाहुबलींची गोष्ट आठवा. सैन्याचं रक्त सांडू नये म्हणून मंत्र्यांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध सुचवलं. बाहुबलींनी भरताला वर उचललं, पण थोरल्या भावाला आपटलं नाही, खांद्यावर घेतलं. कुंभोजच्या बाहुबलीला, त्या अठ्ठावीस फुटी मूर्तीपुढे उभी राहिले की मला दर वेळी तो उचलून धरलेला क्षणच आठवतो.

हे सांगितल्यावर आण्णा हसले. “म्हणूनच मी ती अमेरिकेची बघतो. ती नुरा कुस्ती. आधी ठरल्याली. कुणाला खरं मारायचं नसतंय. ते पिंजऱ्यातलं मी बघत न्हाई.” आणि ते खरंच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात ५८ वर्षांचा माईक टायसन २७ वर्षांच्या पोराबरोबर उतरला, ती लढत धाकट्याने लावली होती. दोन फेऱ्या झाल्यावर आण्णा उठून अंगणात जाऊन बसले. आत बोलवायला गेले तर म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाला असं बघवत न्हाई.”

खोट्या कुस्तीत हिंसा कमी, हे गणित माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तरी पोराच्या मनावर काय उमटतं, तो प्रश्न राहतोच. खुर्चीने मारणारा जिंकला की टाळ्या पडतात, लढत आधी ठरलेली असली तरी.

चातुर्मासात मी भोगोपभोग परिमाणात नियम घेतला: घरात एकच वर्गणी, आणि तीही लहान. जेवण हा भोग आणि कपडे-दागिने हा उपभोग, हे आपल्याला पाठ आहे. टीव्हीची वर्गणी, मला वाटतं, उपभोगातच धरावी लागेल. माताजींना विचारायचं राहून गेलंय. सिनेमे मी सोडले, माझ्यासाठी तेच सोपं होतं. कुस्ती बंद करायचा शब्द मात्र तोंडातून निघेना. आण्णांचे गुडघे गेलेत, मित्र एकेक करून गेले, आणि थोरल्या नातवाला त्यांच्याशी बोलायला वेळ नाही. आठवड्यातला हा एक तास धाकटा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

दशलक्षणाच्या दहा दिवसांत मात्र आण्णांनीच टीव्ही लावू दिला नाही. मला न सांगता. त्या मंगळवारी मी मंदिरातून परत आले तर सोप्यात गादी अंथरलेली. आण्णा खुर्चीत बसून काठीने दाखवत होते, “पाय तिथं न्हाई, हितं. आता पट काढ.” आणि धाकटा एकटाच, समोर कुणी नसताना, उशीला पट काढत होता.

दशलक्षण संपल्यावर टीव्ही परत सुरू झाला, १९९ च्या वर्गणीवर. चित्र थोडं अंधुक दिसतं म्हणून धाकटा कुरकुरतो. गादी मात्र अजून सोप्यातच आहे, झाडताना दर वेळी मला उचलावी लागते.