गावी गेल्यावर दाखवू

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते. “गावी गेल्यावर दाखवू.” गुडघा दुखतो, गावी गेल्यावर दाखवू. अंगावरून जास्त जाते, गावी गेल्यावर दाखवू. जिना चढताना धाप लागते, तेही गावी गेल्यावरच. गुडघ्याचे एक ठीक आहे, गुडघा थांबतो. बाकीची दुखणी आपल्या रजेची वाट पाहत नाहीत. त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

लोद, अश्दोद, दिमोना येथील वाचकांना रोल्ला कदाचित ठाऊक नसेल. शारजा शहराचा हा जुना बाजारभाग. येथे एक प्रचंड वड होता, त्यावरून या भागाला हे नाव पडले. तो वड हिंदुस्थानातून आणून लावला होता असे सांगतात. १९७८ साली तो गेला. आता त्या जागी चौक, बाग आणि वडाची आठवण म्हणून उभारलेले शिल्प आहे. सभोवार सोन्याची दुकाने, कापडाची दुकाने, गावी पैसे पाठविण्याच्या पेढ्या आणि त्यांच्या माड्यांवर डॉक्टरांच्या पाट्या. सुट्टीच्या संध्याकाळी हा चौक आपल्याकडच्या माणसांनी फुलून जातो. म्हणजे डॉक्टर येथे नाहीत असे नाही. जिना चढला की डॉक्टर आहे. तरीही दुखणे दाखवायचे ते गावी!

आम्ही मुंबईत मराठी शाळेत शिकलो, नर्सिंगही तेथेच शिकलो आणि पुढची सारी नोकरी आखातात केली. आता साठी उलटली आहे व मुलाच्या घरी स्वस्थ आहोत. तरी जिन्यात गाठून “सिस्टर, जरा बघता का?” म्हणणारी माणसे भेटतात. हल्ली मोबाईलवर नव्या नव्या औषधांच्या बातम्या येतात आणि लोक विचारतात, हे खरे का हो? पुष्कळसे खरे असते. पण या नव्या शोधांचा लाभ कोणाला होतो, हे आम्हांस रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून जे दिसले त्यावरून सांगावेसे वाटते.

आमच्याच इमारतीत एक भगिनी राहत. कोकणातल्या, घर सांभाळून शिवणकाम करणाऱ्या. दिवाळीच्या सुमारास अंघोळ करताना त्यांच्या हाताला स्तनात गाठ लागली. ती दुखत नव्हती, म्हणून त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत. मुलांच्या शाळेला जुलैत सुट्टी, तिकिटे तेव्हाची काढलेली. नऊ महिने त्यांनी ती गाठ बाळगून डबे भरले, पडदे शिवले, पाहुण्यांची सरबराई केली. आम्हांस कळले ते त्या मुंबईहून डोक्याला रुमाल बांधून परत आल्या तेव्हा. त्या आज आहेत, ही परमेश्वराची कृपा. पण जे कदाचित लहान शस्त्रक्रियेने भागले असते, त्यासाठी सबंध स्तन आणि काखेतल्या ग्रंथी द्याव्या लागल्या. तो हात पुढे सुजू लागला आणि शिवणयंत्र विकावे लागले. न दुखणारी गाठ ही निर्धास्त होण्याची नव्हे, लगेच दाखविण्याची गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आता नव्या शोधांकडे वळू. दूर जाण्याची गरज नाही. आपल्या मुंबईतच तीन मोठी कामे झाली आहेत. तिन्ही कर्करोगावरची आहेत आणि तिन्हींत टाटा मेमोरियल रुग्णालयाचा हात आहे.

पहिले काम रक्ताच्या कर्करोगावरचे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये डॉ. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर नेक्सकार१९ नावाचा उपचार तयार केला. रुग्णाच्या रक्तातील रोगाशी लढणाऱ्या पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालून कर्करोगाच्या पेशी ओळखण्यास शिकवितात आणि त्याच पेशी पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत सरकारने त्याला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईस येऊन त्याचे उद्घाटन केले. चाचण्यांत, इतर औषधे थकलेल्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे ७३ जणांना गुण आला. परदेशात अशा उपचारास जो खर्च येतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात हे होते. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. परंतु दहावा हिस्सा म्हटला तरी रक्कम लाखांत जाते. शिवाय हे शेवटचे दार आहे. आधीची दारे बंद झाल्यावर ठोठवावयाचे.

दुसरे काम स्तनाच्या कर्करोगावरचे. ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळली जाते तेव्हा तिच्यातील पेशी इतरत्र पसरण्याचा धोका असतो असा एक विचार होता. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या भोवताली लिडोकेनचे इंजेक्शन देऊन पाहिले. लिडोकेन म्हणजे दात काढताना जागा बधिर करण्यासाठी देतात तेच साधे औषध. देशातील अकरा केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली व २०२३ साली निष्कर्ष छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के निघाले. आकडा लहान दिसतो. पण शंभर घरांतली तीन-चार घरे म्हणजे किती, ते ज्याच्या घरी गेले त्याला विचारावे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ज्यांची गाठ आधी औषधोपचार न करता थेट काढता येत होती अशाच स्त्रियांत हे तपासले गेले. म्हणजे लवकर आलेल्या स्त्रियांत. नऊ महिने थांबलेलीसाठी हे स्वस्त इंजेक्शन कामाचे उरेलच असे नाही.

तिसरे काम आम्हांस सर्वांत मोठे वाटते, आणि त्यात औषधच नाही. शिरका आहे, आपण स्वयंपाकात वापरतो त्याच जातीचा. गर्भाशयाच्या मुखावर पातळ केलेले असेटिक आम्ल लावले की मिनिटभरात बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसू लागतात. चांगला उजेड आणि शिकलेली नजर असली की पुरे. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन हा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती हे काम सोपविले होते. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटातील स्त्रियांची अशी तपासणी न करता त्यांना नुसती माहितीच दिली, यावर पुढे टीकाही झाली आणि ती विचार करण्याजोगी आहे. पण दहावी शिकलेल्या मुलीच्या हाताने जीव वाचतो, हे त्या कामाने सिद्ध केले.

हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची लागण झाल्यापासून रोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. इतका अवधी देणारा शत्रू विरळाच! त्यावर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. अमिरातीत २०१८ पासून शाळकरी मुलींच्या लसीकरणात ही लस आहे, आणि इस्राएलमध्ये आठवीतील मुलामुलींना ती शाळेतच देतात. शाळेतून संमतीचा कागद घरी आला तर तो दप्तरात पडू देऊ नये.

हे लिहिताना आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांची आठवण होते. १९२८ ते १९४७ त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याचा त्यांनी शहरभर शोध घेतला व त्याचा अहवाल लिहिला. गेलेल्या प्रत्येक स्त्रीमागे, ही का गेली, कोठे उशीर झाला, हे विचारणे हेही संशोधनच आहे. आपल्या समाजातून किती मुली नर्स झाल्या! त्या साऱ्यांना हा प्रश्न विचारण्याची सवय असते.

मग आपली माणसे उशीर का करतात? त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कारणे खरी आहेत. पहिले कारण पैसा. शारजात पूर्वी विम्याची सक्ती नव्हती, डॉक्टरांची फी खिशातून जाई. १ जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेकडील अमिरातींत खासगी नोकरदार व घरकामगार यांच्यासाठी विमा सक्तीचा झाला असून मूळ योजना वर्षाला ३२० दिरहमची आहे. ही सक्ती नोकरदारापुरती आहे. बायकामुलांचा व वडीलधाऱ्यांचा विमा उतरला आहे की नाही हे घरच्यांनीच पाहावे. दुसरे कारण व्हिसा. काही निघाले तर व्हिसा जाईल, ही भीती; आणि उलट, व्हिसाची तपासणी पास झाली म्हणजे प्रकृती ठणठणीत, हा भ्रम. त्या तपासणीत क्षयरोग, एचआयव्ही असे संसर्गाचे रोग पाहतात. स्तनातील गाठ किंवा रक्तातील साखर पाहण्यासाठी ती नसतेच. तिसरे कारण संकोच. परक्या भाषेत, परक्या डॉक्टरापुढे अंग उघडे करावयाचे, हे आपल्या बायकांना जड जाते. येथे २०११ पासून ‘पिंक कॅराव्हॅन’ नावाची मोहीम चालते. गुलाबी पोशाखातले घोडेस्वार सातही अमिरातींतून फिरतात आणि त्यांच्याबरोबरच्या दवाखान्यात स्तनाची तपासणी मोफत होते. शेजारणीला सोबत घेऊन जावे. एकीला लाज वाटते, तिघींना वाटत नाही.

चौथे कारण मायेचे आहे. दुखण्यात आपली माणसे जवळ हवीत, आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर हवा. ते आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच आमचे सांगणे असे की तपासणी येथे करा. उपचार हवे तर तेथे करा. रिपोर्ट आता एका क्षणात पोचतो. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचे मत घरबसल्या इंटरनेटवरून मागविण्याचीही सोय आहे. रजा व तिकीट त्यानंतर ठरवावे.

एका बाबतीत मात्र ‘उद्या’सुद्धा चालत नाही. बोलता बोलता तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात समजावा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळी घालून गुठळी बाहेर काढण्याची नवी रीत निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते. पण हरवलेल्या प्रत्येक मिनिटाला मेंदू झिजतो. तेल चोळू नये, झोपू देऊ नये, मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू नये. अमिरातीत ९९८, इस्राएलमध्ये १०१, भारतात १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक. मोठ्या अक्षरांत लिहून ते फ्रिजवर चिकटवावेत, म्हणजे घरात एकट्या असलेल्या आजीलाही वाचता येतील.

आणि या अंकाचे वाचन झाले की घरातील पस्तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला एवढेच विचारा, शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर द्यावयास तिला आठवावे लागले, तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.