बापाचं वाक्य

मार्काच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, तो बाप एकाच वाक्यात दोन गोष्टी बोलून जातो. माझा विश्वास आहे म्हणतो, आणि लगेच आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. या दोन अर्ध्यांच्या मधे श्वास घ्यायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांनी मंडळीपुढे उभं राहून हे आख्यान लावलंय त्यांना माझी अडचण लगेच कळेल. श्वास घेतला तर बाप आधी विश्वासाचं बोलला आणि मग कचरला, असं वाटतं. न घ्यावा तर शब्द एकमेकांवर चढतात, आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

हा प्रसंग मत्तयाने सांगितलाय, लूकनेही सांगितलाय. तिथे आजारी मुलगा आहे, हात टेकलेले शिष्य आहेत, मुलाचं बरं होणंही आहे. बापाचं हे वाक्य मात्र एकट्या मार्काने ठेवलं. म्हणून तर आमच्यातले पुष्कळ जण मत्तयावर आख्यान लावतात. तिथे मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आयता मिळतो, दहा मिनिटं हसतखेळत निघून जातात.

मी आधी हे वाक्य साकीत बांधलं होतं. साकीला मधे यती असते, तिथे श्वास आपोआप घेतला जातो. पहिला अर्धा मी तार षड्जावर नेऊन ठेवायचो, तबलजीला थांबवून. मग दुसरा अर्धा जोगियात हळूहळू खाली. हुंदके यायचेच. कोण पदर डोळ्याला लावतंय, कोणाचा चष्मा खाली आलाय, हे मी कोमल ऋषभावर टेकता टेकता पाहून घ्यायचो. एकदा एका सेमिनरीत शिकलेल्या पाळकसाहेबांनी कीर्तनानंतर सहज सांगितलं, की बाप रडत रडत बोलला असं काही हस्तलिखितांत आहे, पण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते अश्रू नाहीत. मला राग आला. अश्रू गेले तर माझ्या साकीत उरलं काय?

पुढे ओवी करून पाहिली. ओवी धावते, यती मागत नाही. एका दमात दोन्ही अर्धे म्हणायला चांगली छाती लागते आणि ती माझ्याकडे होती. नगर जिल्ह्यात काळी चारमध्ये उभं राहून कीर्तन करणारे ख्रिस्ती कीर्तनकार किती उरलेत, असं मीच चारचौघांत विचारायचो. उत्तरही मलाच हवं असायचं.

मग थायरॉइडची गाठ निघाली. सर्जन भला माणूस. त्याने कागदावर गळा काढून दाखवला. आवाजाची मुख्य नस इथून जाते, आणि तिच्याशिवाय ही दुसरी, अगदी बारीक. तिला धक्का लागला तर बोलणं राहतं, पण स्वरतंतू ताणले जात नाहीत, वरचे सूर जातात. मी कीर्तनकार आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने इतकं समजावलं. न समजावता तर बरं झालं असतं.

आदल्या संध्याकाळी पाळक आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो तोही सुरात. ते गेल्यावर भीती आली. तेविसावं स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे. म्हणत होतो आणि मनात खर्जापासून वर सरगम चालली होती, अजून कुठवर जाते ते पाहायला. देव आहे की नाही, एवढा भारदस्त संशय माझ्या वाट्याला आला नाही. माझा संशय क्षुद्र होता. ज्याने विश्व केलं त्याला माझ्या तार षड्जाचं काय पडलंय? मरणाची भीतीही होती, पण ती दुसऱ्या नंबरला होती, हे लिहायला लाज वाटते. पहाटे केव्हातरी त्या बापाचं वाक्य आलं. साकी नाही, ओवी नाही, चालही नाही, आणि आलं ते दुसऱ्या अर्ध्यापासून. मदत आधी मागून झाली. विश्वासाचं बोलणं मागून आलं, तेही पुरतं नाही.

नंतर मंडळीत साक्ष देताना, प्रभूने माझी सगळी भीती काढून घेतली, असं मी सांगितलं. साक्षीला एक घाट असतो. आधी अंधार, मग उजेड, मग टाळ्या. वास्तविक भीती जिथल्या तिथे होती, मी तिला घेऊनच स्ट्रेचरवर चढलो. पण चढलो, एवढं खरं. हे ‘चढलो’ कीर्तनात कसं म्हणायचं, ते मला येत नाही.

हल्ली तर अशा साक्षींचा सुळसुळाट झालाय. मैदानात मांडव, स्पीकरला इको, कीबोर्डवर एकच सूर धरलेला, आणि तीन रात्रींत भयमुक्ती. चौथ्या रात्री भीती परत आली तर तो दोष तुमच्या विश्वासाचा. आमची परंपरा अशी नव्हती. कृष्णराव सांगळ्यांनी आणि त्यांच्या काळच्या माणसांनी हरिदासी कीर्तनाचा साज उचलला, त्यात पूर्वरंगाला चर्चा करायला जागा होती, शंका काढायला जागा होती. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. त्या मधल्या काळातला राग, धास्ती, हट्ट ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी जसाच्या तसा ठेवलाय, वर स्वतःलाच हसून. आज एखादी बाई मांडवात तसं बोलली तर माईक काढून घेतील. अर्थात मांडवात माझ्या कीर्तनापेक्षा दसपट माणसं असतात, हेही यामागे आहेच.

मुख्य नस वाचली. वरचे सूर गेले. आता मी काळी एकमध्ये गातो. तबलजीला नवा तबला घ्यावा लागला, त्याने तोंडावर काही म्हटलं नाही. दमही पुरत नाही. म्हणजे ज्या वाक्यात श्वास घेऊ नये असं आता कुठे वाटायला लागलंय, त्याच वाक्यात तो घ्यावा लागतो.

शिकायला एक मुलगी येते. मिशनच्या शाळेत मी तिच्या आईला शिकवलं होतं, म्हणून मला मास्तर म्हणते. नर्स आहे, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात. तिला मी हे आख्यान जुन्या पद्धतीने, तिच्या पट्टीत, वर चढवून शिकवायला घेतलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मास्तर, बाप असे ओरडत नाहीत. आमच्या दाराबाहेर बसलेले असतात ना, ते अगदी हळू बोलतात. आत पोराला ऐकू जाईल म्हणून.”

मी म्हटलं, मार्क सांगतो की बाप ओरडला.

“ओरडला असेल. पण मोठ्यानेच कशाला?”

मग तिने म्हणून दाखवलं. मध्य सप्तकातच, गंधाराच्या आसपास, दोन्ही अर्धे एका उंचीवर. मधे श्वास घेतला की नाही ते मला कळलं नाही. मी समोर बसलो होतो, कान याच कामात म्हातारे झालेत, तरी कळलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा नाही. तिला विचारलं तर म्हणते, लक्ष नव्हतं.

पुढच्या कीर्तनात मी तसं करून पाहिलं. कोणी रडलं नाही. दोघा-तिघांनी घड्याळ पाहिलं. घरी येऊन मी जेवलो नाही, आणि बायकोला सांगितलं की पोट बिघडलंय.

लेंटमध्ये आमच्या मंडळीत हे आख्यान तिला दिलंय. पूर्वरंग मी करणार, उत्तररंग तिचा. बापाचं वाक्य आलं की मला खूण कर, तेवढं मी म्हणतो, असं तिला सांगितलंय. ती अजून हो म्हणालेली नाही.