शेंगा, चिक्की आणि उधारी

गेल्या शनिवारी लोणावळ्याला निघालो होतो, जुन्या हायवेने. (एक्सप्रेसवेने जाणाऱ्यांना लोणावळा दिसतं, मावळ नाही, असं आमचं ठाम मत!) वाटेत तळेगावात दादाला घ्यायचं होतं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, भुईमुगाच्या शेंगा फोडायची मशिन्स बनवतो. पोचलो तर हा तोंड पाडून बसलेला.

पूर्व आफ्रिकेतली एक ऑर्डर हातची गेली होती. मला वाटलं, भावात मार खाल्ला असणार. तर नाही! मशीन पसंत, भावही पसंत. पण एका चिनी कंपनीने त्या गिऱ्हाइकाला तीन वर्षांची उधारी दिली, तीही किरकोळ व्याजाने.

"ती काय स्वतःच्या खिशातून देतेय? मागे सरकारी बँक आहे," दादा म्हणाला. "मी फार तर ९० दिवस थांबेन. त्यापुढे माझीच बँक माझ्या दारात."

रात्री हॉटेलात वाचत बसलो (दुसरं काय येतं आपल्याला!). भानगड जुनीच आहे. श्रीमंत देश एकमेकांची गिऱ्हाइकं अशीच पळवत होते. शेवटी १९७८ साली ओईसीडीत त्यांनी समझोता केला: व्याज ठरल्यापेक्षा खाली न्यायचं नाही, आणि गिऱ्हाइकाने निदान १५% आधी रोख मोजायचे. तरी काही जण 'मदत' म्हणून स्वस्त कर्ज द्यायचे आणि आपलाच माल गळ्यात मारायचे. त्यांना टक्कर द्यायला अमेरिकेने १९८६मध्ये खास निधी काढला, त्याला म्हणायचेच 'वॉर चेस्ट'! १९९१मध्ये मग अशा कर्जांवर मर्यादा ठरल्या. पण या समझोत्यात चीन नाही. आपणही नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. पैसे बुडाले तर विम्याला ईसीजीसी आहे, १९५७पासून. परदेशी खरेदीदाराला कर्ज द्यायला एक्झिम बँक आहे, १९८२पासून. पण तिथे मोठमोठ्या प्रकल्पांची कामं, दादाची ऑर्डर म्हणजे त्यांच्या चहापाण्याएवढी. निर्यात कर्जावर व्याजाची सवलत २०१५पासून होती, लघुउद्योगांना शेवटी ३%. ती ३१ डिसेंबर २०२४ला बंद झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर झालं खरं. पण व्याजात सूट मिळाली तरी ती दादाच्या कर्जावर. गिऱ्हाइकाला तीन वर्षं कोण थांबणार?

आता माझ्या पगारातून कापलेल्या टॅक्समधून आफ्रिकेतल्या कुणाचं व्याज का भरायचं, हे मलाही पटकन पटेना. कायमचं भरू नयेच. पण समोरचा बोलणी करायला बसेपर्यंत भरायला हरकत नाही, असं आता वाटतंय. असो.

रविवारी परतताना दादाने मला लॅपटॉप उघडायला लावला. "दोन वर्षांची उधारी धरून कोटेशन कर." केलं. किंमत चिन्याच्या वर गेली. दादाने चिक्कीचा तुकडा मोडला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "तो व्याजाचा कॉलम हाईड कर बघू."