एकविरा : वेलांटी पहिली

लोकलने कामोठ्याला येणारा माणूस मानसरोवर स्थानकावर उतरतो. हिमालयापलीकडच्या सरोवराचे नाव इथे खाडीकाठाला आले आहे, पण वसाहतीतल्या रस्त्यांच्या वाट्याला बहुधा सेक्टरचे आकडेच आले. १९७० साली सिडको स्थापन झाली, गावांच्या जमिनी गेल्या, आणि गावाचे नाव तेवढे वसाहतीला लागले. नाव ही इथे किरकोळ बाब नाही. २४ जून २०२१ रोजी विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून हजारो भूमिपुत्र बेलापूरला जमले होते.

जुई-कामोठ्यातल्या एका काकांनी अंगणात स्वतः होडी बांधली. हल्ली बहुतेक नावे स्टिकरवर छापून येतात. काकांना ती रंगाने, हाताने लिहिलेली हवी होती, आणि मी ‘मराठीचा सर’ म्हणून ब्रश माझ्याकडे आला. (आमच्या पदवीचा असा अर्थ विद्यापीठाला ठाऊक नसावा.)

होडीवर शिरोरेखा फसवी असते. फळीची कड नाळेकडे वर चढत जाते. सुतळी ताणून सरळ रेघ मारली, तर नाळेजवळची अक्षरे खाली घसरल्यासारखी दिसतात. म्हणून रेघही कडेबरोबर वाकवावी लागते. डाव्या बाजूला नाव नाळेपासून सुरू होते, तर उजव्या बाजूला ते नाळेपाशी येऊन संपते. तिथे शेवटच्या ‘रा’चा काना आधी बसवायचा आणि अक्षरे उलटी मागे मोजत जायची. देवनागरीचा इतका विचार मी वर्गात कधी केला नव्हता.

अडले ते वेलांटीपाशी. कार्ल्याच्या डोंगरावरची देवी ‘एकवीरा’, दीर्घ. ‘वीर’ शब्दाला तेच साजते. मी खडूने तसे लिहिले. काका म्हणाले, “सर, ती येलांटी खाडीन कोन वाचनार?” आणि आतून वडिलांच्या होडीची एक फळी घेऊन आले. निळा रंग उडालेला, पण ‘एकविरा’ स्पष्ट होते. वेलांटी पहिली.

ग्रामनामाच्या शेवटचा ‘पूर’ दीर्घ लिहावा, असे साहित्य महामंडळाचे नियम सांगतात. होडीबद्दल ते गप्प आहेत, आणि बोलत असते तरी मला पटले नसते. वहीतली चूक दुरुस्त करता येते. ज्या रूपाला नारळी पौर्णिमेला वर्षानुवर्षे हळदकुंकू लागले, ते चूक ठरवायचा अधिकार प्राध्यापकाला कुठून येणार? काकांनी दीर्घ लिहिले असते, तर वडिलांची होडी आणि ही होडी यांच्यात एक परकी वेलांटी आली असती.

मी खडू पुसला. फळी समोर टेकवून ठेवली आणि तिच्यावरचा ‘वि’ बोटांनी मोजून घेतला. वडिलांची वेलांटी बरीच मोठी होती, जवळजवळ शेजारच्या ‘क’ला टेकलेली. काका म्हणाले, “तशीच.”