बार्शी लाईटच्या मागावर

नांदेड

चि. अमोल यास,


गाडी घेऊन एकटीच कशाला निघालीस, असं फोनवर विचारलंस. अरे, सोबत कुणी असलं की माळावर उतरून तासभर मातीचा भराव बघत बसता येत नाही. मला बार्शी लाईट ही जुनी नॅरोगेज रेल्वे जिथून जायची तिथून जायचं आहे. तुमच्या लातूरहून मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर आणि शेवटी मिरज.

नुसती इंजिनं बघायची तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासूनचं. ते पुढच्या खेपेला. ही लाईन बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची करामत मात्र जमिनीवरच कळते. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. इंजिनाला आस जास्त लावले, भार वाटला गेला आणि मीटरला पंधराएक किलोचा रूळ पुरला. आज ब्रॉडगेजला साठ किलोचा लागतो. रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्यामुळे भराव लहान, पूल लहान, खर्च बेताचा. १८९७ ला बार्शीपर्यंत आलेली गाडी १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला निजामाच्या मुलखातल्या लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली, ती या हिशेबाच्या जोरावर.

ब्रॉडगेज करताना येडशीपुढचा मार्ग वळवून धाराशिव शहराकडे नेला. पूर्वीची गाडी शहराला बाजूला ठेवूनच जायची. तो सुटलेला जुना भराव कुठे उरलाय, कुठे नांगराखाली गेलाय, ते शेताशेतात विचारत बघणार आहे.

छोटी गाडी बंद केली ते वाईट झालं, असं दादा नेहमी म्हणतो. हळहळ मलाही वाटते. पण २०१६ च्या दुष्काळातला एप्रिल आठव. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली ती याच मार्गाने. एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी. कॅलथ्रॉपच्या नियमाने चार आसांची वाघीण स्वतःच्या वजनासकट वीस टनांपुढे जाऊच शकत नव्हती. २००८ पर्यंत लातूरची बाजू आणि त्यानंतर मिरजेची बाजू रुंद झाली नसती, तर ते पाणी तुमच्या नळापर्यंत कसं पोचलं असतं, ते दादाला विचार. गरिबीत रेल्वे आणायची तर हलकीच हवी होती आणि दुष्काळात पाणी आणायचं तर जडच. दोन्ही हिशेब आपापल्या काळात बरोबर होते. मला ते दोन्ही एकाच वाटेवर बघायचे आहेत.

आता कामाचं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत पहिला मुक्काम तुमच्याकडे. रात्री गाडी चालवणार नाही, स्टेपनी तपासून घेतली आहे, तेव्हा काळजी नको. वहिनीला म्हणावं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दे. तू एवढं कर : बार्शी लाईटवर नोकरी केलेलं कुणी, गार्ड असो की गँगमन, शोधून ठेव. वाफेच्या इंजिनात पाणी कुठल्या कुठल्या स्टेशनात भरायचे आणि उन्हाळ्यात ते कुठून आणायचे, एवढंच मला विचारायचं आहे.

तुझी,
आत्या

ता. क. पंढरपूरचा मुक्काम एकादशी टाळून ठरवते आहे. विठोबा समजून घेईल, पार्किंगवाला नाही.