केसांची शिल्लक

केस गळणं हा तिशीच्या आसपासच्या आयटीवाल्यांचा राष्ट्रीय विषय आहे. बोअरिंगचं पाणी, हेल्मेट, नाईट शिफ्ट... दोष द्यायला बरंच काही असतं. वडील आणि आजोबांच्या फोटोकडे मात्र कुणी बघत नाही!

परवा टीममधल्या एकाने एका क्लिनिकचं माहितीपत्रक दाखवलं. 'स्टेम सेलने नवीन केस', वर ईएमआयची सोय. साहेबांचं लग्न सहा महिन्यांवर. "घेऊ का रे?" म्हणाला. म्हणून जरा वाचायला बसलो.

मुळात हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे नवे केस नव्हेत. मागची मुळं काढून पुढे लावायची. या खात्यातून त्या खात्यात ट्रान्सफर, शिल्लक तेवढीच. प्रयोगशाळेत नवी केशमुळं वाढवणं म्हणजे शिल्लकच वाढवणं.

केसाच्या मुळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा पुंजका असतो. आजूबाजूच्या पेशींना 'केस बनवा' हा निरोप तो देतो. १९९९ मध्ये कॉलिन जहोडा या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या डोक्यावरच्या केशमुळांच्या आवरणातल्या पेशी त्याच्या बायकोच्या हातावर रुजवल्या, आणि तिथे चक्क केस उगवले!

मग अडलं कुठे? तर पेशींची संख्या वाढवण्यात. सपाट बशीत वाढवल्या की माणसाच्या पॅपिला पेशी आपलं काम विसरतात. कोड तोच, पण एन्व्हायर्नमेंट बदललं की चालत नाही, तसंच. २०१३ मध्ये जहोडा आणि कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या टीमने या पेशी थेंबांत घालून थेंब उलटे लटकवले. पेशी गोळा होऊन त्यांच्या गोळ्या झाल्या, आणि विसरलेलं थोडंफार आठवलं. ७ पैकी ५ दात्यांच्या पेशींनी मुळात केस नसलेल्या मानवी त्वचेत केस उगवून दाखवले. पण ती त्वचा लावली होती उंदरांवर.

२०२० मध्ये बॉस्टनच्या कार्ल कोहलर यांच्या गटाने तर मानवी स्टेम सेलपासून केशमुळांसकट त्वचाच वाढवली. वेळ लागला चार-पाच महिने. पुढे केसांची दिशा, वर्षानुवर्षं गळून पुन्हा उगवण्याचं चक्र, गाठी न होण्याची खात्री, खर्च... यादी मोठी आहे. आणि डोक्यावर केस असतात साधारण एक लाख.

थोडक्यात, माहितीपत्रकातला 'स्टेम सेल' आणि प्रयोगशाळेतला स्टेम सेल यांचं फक्त आडनाव एक. मित्राला म्हटलं, ईएमआय राहू दे, आधी चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. औषधं आहेत, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

असो. वाचताना एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. भाजलेल्या माणसांसाठी प्रयोगशाळेत त्वचेचे पापुद्रे वाढवतात, ते कित्येक वर्षांपासून. जीव वाचतो, पण त्या त्वचेला ना केस, ना घाम. भुवई जळाली तर ती जागा कोरीच राहते. आपल्याला टकलाची काळजी. त्यांना आरशातला स्वतःचा चेहरा परत हवा असतो. हे संशोधन लवकर पुढे जावं असं मला वाटतं, ते खरं तर त्यांच्यासाठी.